पाणबुड्याची धाकटी बाटली



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी “इतिहासातील काहीतरी सांगा” असे आम्हास कळविले, तेव्हा त्यांच्या मनात गिरण्यांचा किंवा गोदीचा एखादा संप असावा. आम्ही विषय कळविला तो वाचून त्यांचा फोन आला. कामगार संघटनेचा माणूस पाणबुड्यांच्या हवेच्या बाटल्यांवर काय बोलणार, असे त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले. त्यांची शंका रास्त होती. आम्हास पोहता येते ते विहिरीपुरते, आणि आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु तरुणपणी अकरा वर्षे आम्ही ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात सिलिंडरांमध्ये दाबाचे वायू भरण्याचे काम केले आहे. बाटलीची ओळख आम्हास पाण्याच्या बाजूने नाही, भरणाराच्या बाजूने आहे.

निमित्त घडले ते आमच्या भाच्यामुळे. गेल्या दिवाळीत तो एक वस्तू घेऊन आला. चहाच्या थर्मासएवढी पिवळी बाटली, तिच्या तोंडाशी दातांत धरावयाचा रबरी तुकडा, आणि सोबत सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ शोभेल असा हातपंप. “मामा, पाठीवर ते मोठे धूड घ्यायला नको. मालवणला समुद्रात दहा मिनिटे आरामात राहता येते. खोक्यावरच लिहिलंय.” आम्ही विचारले, “दहा मिनिटे कोणाची?” त्याला प्रश्न कळला नाही. तो कळावा म्हणून मागील दीडशे वर्षांतील गोष्ट सांगावी लागली. तीच आज येथे सांगतो.

पाण्याखाली श्वास पुरविणारी ही बाटली मुळात समुद्राकरता जन्मास आलेली नाही. तिचे माहेर कोळशाची खाण आहे. फ्रान्सच्या दक्षिणेकडे आवेराँ प्रांतात दकाझव्हील नावाचे खाणगाव आहे. तेथे बनुआ रुकेरोल हा खाण-अभियंता होता. खाणीत विषारी वायू साचला किंवा पाणी भरले की, अडकलेल्यांना काढावयास जाणारा मनुष्यच गुदमरून पडावयाचा. त्यावर उपाय म्हणून त्याने १८६० च्या सुमारास एक झडप बनविली. टाकीतील दाबाची हवा ही झडप माणूस श्वास घेईल तेव्हाच आणि लागेल तेवढीच सोडी. पुढे ओग्युस्त दनेरूझ या आरमारी अधिकाऱ्याने ती पाहिली आणि १८६४ साली दोघांनी मिळून तीच युक्ती पाणबुड्याच्या पाठीवर चढविली. त्या काळच्या टाकीस फार दाब सोसत नसे, म्हणून एरवी नळीने वरच्या पंपाशी जोडलेले राहावे लागे. नळी सोडून हिंडावयाचे तर ते अगदी थोडा वेळ. तरी कल्पना एवढी मोहक की, ज्यूल व्हर्नने १८७० साली पुऱ्या झालेल्या आपल्या समुद्रतळाच्या कादंबरीत हेच यंत्र नावानिशी घातले. मात्र कादंबरीतला कप्तान नेमो त्यावर तासन्‌तास चालतो. खोक्यावर दहा मिनिटे लिहिणाऱ्यांचा मूळपुरुष कदाचित तोच असेल.

दुसरी गोष्ट इंग्लंडातील आहे, आणि ती आमच्या फार आवडीची आहे. सेव्हर्न नदीच्या रुंद मुखाखालून ग्रेट वेस्टर्न रेल्वे बोगदा खणीत होती. काम १८७३ साली सुरू झालेले. १८७९ च्या ऑक्टोबरात वेल्सच्या बाजूस जमिनीतील एक प्रचंड झरा फुटला आणि बोगदा पाण्याने भरून गेला. मजूर जीव घेऊन पळाले, आणि पळताना आतील लोखंडी दार उघडे राहिले. ते दार बंद झाल्यावाचून पंपांनी पाणी उपसणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे होते. दार होते विहिरीच्या तळापासून सुमारे हजार फूट आत, काळोखात, वाटेत वाहून आलेल्या ढिगाऱ्यात आणि लाकडांत.

अलेक्झांडर लँबर्ट नावाचा पाणबुड्या प्रथम नेहमीचा पितळी शिरस्त्राणाचा पोशाख घालून आत शिरला. हवेची नळी ओढण्यास वाटेत आणखी पाणबुडे उभे केले होते. पण नळी तरंगून बोगद्याच्या छताला जाऊन चिकटे, आणि एका टप्प्यानंतर ती एका माणसास ओढवेना. लँबर्ट परतला. तेव्हा कोणीतरी हेन्री फ्लूस या गृहस्थाचे नाव सुचविले. त्याने १८७८ साली नळीवाचून चालणारा एक संच बनविला होता. तांब्याच्या लहान टाकीत दाबाचा प्राणवायू, आणि उच्छ्वासातील दूषित वायू शोषण्यास दाहक पोटॅशमध्ये भिजविलेले दोर. फ्लूस स्वतः खाली उतरून पाहून परत आला. मग तो संच लँबर्टने पाठीवर घेतला. यंत्र शोधणारा परतला आणि पगारी पाणबुड्या आत गेला, ही गोष्ट आम्ही येथे नुसती नमूद करून पुढे जातो.

१८८० च्या नोव्हेंबरात लँबर्ट त्या अंधारात दोन वेळा गेला. पहिल्या वेळी दारात आडवा आलेला एक रूळ त्याने काढला, दुसरा निघेना. पुढल्या खेपेस पहार घेऊन गेला, दार लावले, शेजारच्या नळावरील झडप सांगितल्याप्रमाणे फिरवून बंद केली, आणि तासाहून अधिक वेळाने जिवंत वर आला. पंप सुरू झाले. पाणी उतरू लागले, पण अपेक्षेपेक्षा सावकाश. पुढे बोगदा कोरडा झाल्यावर कारण समजले. त्या झडपेचे आटे डावे होते. ती मुळात बंदच होती. लँबर्टने सांगितल्याप्रमाणे उजवीकडे फिरवून ती उघडली होती!

एवढा पराक्रम, आणि आटा उलटा. परंतु दोष त्या पाणबुड्याचा म्हणावा काय? आटे कोणत्या बाजूचे आहेत हे माहीत असणारे लोक कोरड्या जमिनीवर उभे होते. या आट्यांकडे आम्हास पुन्हा यावयाचे आहे.

येथे जाता जाता एक खुलासा. फ्लूसच्या टाकीत शुद्ध प्राणवायू होता. दाबाखाली शुद्ध प्राणवायू हेही विष आहे, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ सालीच ग्रंथरूपाने मांडले होते. साधारण सहा मीटरांखाली तो घेतल्यास झटके येऊ शकतात. आमची वर्तमानपत्रे पाणबुड्याच्या बाटलीस हटकून “ऑक्सिजन सिलिंडर” म्हणतात. हौशी पाणबुड्याच्या बाटलीत बहुतेक वेळा असते ती तुम्हीआम्ही घेतो तीच हवा, गाळून, कोरडी करून, दाबलेली. हा शब्दाचा कीस नव्हे. इस्पितळातील प्राणवायूची लहान बाटली समुद्राकाठी आणून वापरण्याची बुद्धी या एका चुकीच्या शब्दाने होऊ शकते.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. फ्रेंच आरमारातील ईव्ह ल प्रिअर याने १९२६ साली फेर्नेझ नावाच्या कारागिराच्या मुखनळीला मोटारीच्या टायरांत हवा भरण्याची मिशेलँ कंपनीची बाटली जोडली. ती तीन लिटरांची होती आणि तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाबाने हवा मावे. आज पाणबुडे ज्या “धाकट्या” बाटल्या राखीव म्हणून बाळगतात त्यांतील पुष्कळशा तीन लिटरांच्याच असतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची थोरली ती आजची धाकटी. पण ल प्रिअरची हवा अखंड वाहे. माणूस श्वास सोडीत असता येणारी हवा फुकट जाई, आणि बाटली काही मिनिटांत रिकामी होई. रुकेरोलची मागेल तेव्हाच देणारी झडप मधल्या काळात जणू विस्मरणात गेली होती. ती पुन्हा सापडली दुसऱ्या महायुद्धात. पॅरिसमध्ये पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी दुसऱ्या वायूवर चालविण्यासाठी एमील गान्याँ हा अभियंता एका झडपेवर काम करीत होता. ती १९४३ साली झाक कुस्तो या आरमारी अधिकाऱ्याच्या गरजेस लागू पडली, आणि आजचा पाणबुड्याचा संच जन्मला. कुस्तोचे नाव जगास ठाऊक आहे. गान्याँचे किती जणांस ठाऊक आहे, ते आपापल्या मनास विचारावे.

आता भाच्याचा प्रश्न. बाटलीत हवा किती, याचा हिशेब सोपा आहे. बाटलीत मावणारे पाणी लिटरांत घ्यावे आणि दाबाच्या आकड्याने गुणावे. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेल्या नियमाचा हा घरगुती अवतार होय. भाच्याची बाटली अर्ध्या लिटराची, दाब २०० बार, म्हणजे हवा १०० लिटर. मनुष्य स्वस्थ असता, हलकी हालचाल करीत असता, मिनिटास साधारण २० लिटर हवा घेतो. म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागी पाच मिनिटे. दहा मिनिटे म्हणावयाची तर आरामखुर्चीत पडून. दहा मीटर खाली पाण्याचा दाब दुप्पट, म्हणून तीच हवा निम्मी पुरते, अडीच मिनिटे. आणि भ्यालेला माणूस मिनिटास ४० लिटर, प्रसंगी त्याहूनही अधिक ओढतो. म्हणजे सव्वा मिनिट. बाटली तीच, हवा तीच. खोक्यावर आकडा छापणाऱ्याने स्वस्थ माणसाचे फुप्फुस मोजले आहे, आणि धाकट्या बाटलीची गरज तर स्वस्थ माणसास कधी लागतच नाही!

ही काही नवी लबाडी नाही. १९५०–६० च्या काळात बाटल्यांना दाबमापक सहसा नसे. त्याऐवजी झडपेला एक दांडी असे. अमेरिकेतील एका किंमतपत्रकात तिला “जे” हे अक्षर होते, तेच नाव रूढ झाले. हवा कमी होऊन श्वास जड येऊ लागला की दांडी ओढावयाची, की अडवून ठेवलेली शेवटची थोडी हवा मिळे. कल्पना चांगली. परंतु ही दांडी कधी नावेत चढताना, कधी खडकास घासून आधीच ओढली जाई, आणि कधी भरताना चुकीच्या स्थितीत राही. राखीव म्हणून मनात धरलेली हवा पाणबुड्याने नकळत केव्हाच संपविलेली असे. १९७० च्या दशकात दाबमापक सर्रास झाले आणि ती दांडी मागे पडली. तिच्या जागी निराळी, स्वतंत्र, स्वतःच्या झडपेची व स्वतःच्या मापकाची धाकटी बाटली घेण्याचा प्रघात वाढला.

मग ती केवढी घ्यावी? पुन्हा भ्यालेल्या माणसाचाच हिशेब करू. अठरा मीटरांवर मुख्य बाटलीने दगा दिला असे धरा. पहिले एक मिनिट सावरण्यात जाते. तेथे दाब २.८ बार, मिनिटास ४० लिटरांच्या हिशेबाने ११२ लिटर गेले. मिनिटास नऊ मीटर या वेगाने वर यावयास दोन मिनिटे लागतात, त्यात सुमारे १५० लिटर. वाटेत पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबण्याची रीत आहे, रक्तात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून. तेथे १८० लिटर. एकूण सुमारे ४४० लिटर. तीन लिटरांची, २०० बार दाबाने पुरती भरलेली बाटली ६०० लिटर देते. निभावले. तीस मीटरांचा हाच हिशेब पावणेसातशेच्या घरात जातो. म्हणजे तीच बाटली थांबा सोडला तरच पुरते, आणि थांबा धरला तर वाटेत संपते. जो दुकानदार “किती खोल जाणार?” हे न विचारता बाटली देतो, त्याच्याकडून ती घेऊ नये.

अर्ध्या लिटराची बाटली अगदीच टाकाऊ, असे मात्र आमचे म्हणणे नाही. १९८० च्या दशकात अमेरिकन आरमाराने हेलिकॉप्टरांतील माणसांना अशीच हातात मावणारी बाटली दिली. विमान पाण्यात उलटले तर पट्टा सोडून खिडकीतून बाहेर पडण्यापुरते मिनिट त्यांना हवे होते. तेथे मिनिटाचे काम होते आणि मिनिटाची बाटली होती. शिवाय ती वापरण्याची तालीम होती. भाच्याजवळ तालीम नव्हती, आणि खरा धोका तेथे आहे. बाटलीतून एक श्वास घेतला की, फुप्फुसात खालच्या दाबाची हवा भरली. तो श्वास कोंडून वर आल्यास हवा फुगते. दहा मीटरांवरून दुपटीने. फुप्फुसाचे पडदे फाटावयास एवढे खोल जावेच लागत नाही. पोहण्याच्या तलावातील एक-दीड मीटर पाणीही पुरल्याची उदाहरणे आहेत. विहिरीत सूर मारणाऱ्या आमच्यासारख्याचा सारा अभ्यास श्वास कोंडण्याचा. दाबाची हवा घेतली की तोच अभ्यास जिवावर उठतो. श्वास चालू ठेवीत वर यावे, हे शिकविणारा माणूस सोबत पाहिजे. छापील कागद ते शिकवू शकत नाही.

हे झाले पाण्याखालचे. बाटलीचे निम्मे आयुष्य पाण्याबाहेर, भरण्याच्या खोलीत जाते. तेथे कोण उभा असतो?

आमच्या कारखान्यात एकदा एक लहान सिलिंडर बाहेरून भरण्यास आला. व्हॉल्व्ह कोणीतरी बदललेला होता. दिसावयास ठीक, हाताने फिरविला तर बसलेला. दाब चढत गेला आणि तो व्हॉल्व्ह गळ्यातून बंदुकीच्या गोळीसारखा सुटला. आमच्या एका सोबत्याचा डोळा गेला. चौकशी झाली. अहवालात पाचच शब्द महत्त्वाचे होते: “कामगाराने योग्य दक्षता घेतली नाही.” आटे मोजण्याचा गेज त्या खोलीत नव्हता, हे अहवालात नव्हते. तो गेज मिळविण्यास आम्हास दोन वर्षे भांडावे लागले. आम्ही संघटनेत पडलो ते त्या गेजपायी. एरवी आज कदाचित तेथेच भरीत बसलो असतो.

पाणबुड्यांच्या बाटल्यांतही हीच भानगड आहे. युरोपात २५ मिलिमीटरांचा मेट्रिक आटा चालतो, इतरत्र पाऊण इंची. मेट्रिक व्हॉल्व्ह पाऊण इंची गळ्यात ढिला का होईना फिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. दाब चढला की सुटतो. अशा जोडीने माणसे दगावली आहेत. म्हणून व्हॉल्व्हवर व गळ्यावर कोरलेला आटा वाचून, जुळवून, गेज लावूनच बसवावा. “बसतोय ना?” हे माप नव्हे.

दुसरी गोष्ट धातूची. पोलादी बाटली आतून ओलावा राहिल्यास गंजते, आणि गंज हवेतील प्राणवायू खातो. म्हणून ती कधी पार रिकामी करू नये. थोडा दाब राखावा, म्हणजे खारे पाणी आत शिरत नाही. हातपंपाने भरलेल्या बाटलीत दमट हवा जाते, हे भाच्याच्या खोक्यावर लिहिलेले नव्हते. ॲल्युमिनियम गंजून असे खात नाही, पण त्याचे दुखणे निराळे. ६३५१ क्रमांकाच्या मिश्रधातूच्या जुन्या बाटल्यांना गळ्याशी बारीक तडे जातात आणि नुसत्या भरून ठेवल्या तरी वर्षानुवर्षे सावकाश वाढतात. अमेरिकेत पाणबुड्यांच्या बाटल्यांसाठी ही धातू १९८० च्या दशकाअखेर सोडली गेली, आणि तेथील परिवहन खात्याने २००६ साली अशा बाटल्यांचा गळा विजेच्या भोवरी प्रवाहाने तपासण्याचा नियम केला. पण ॲल्युमिनियम टिकाऊ! जुन्या बाटल्या हातोहात फिरत राहतात, आणि लहान बाटली तर माळ्यावर पडून राहते व स्वस्तात विकली जाते. अशी बाटली फुटते ती बहुधा भरताना. म्हणजे विकत घेणारा घरी असतो, विकणारा त्याहून लांब असतो, आणि भरणारा तिच्याजवळ हातभर अंतरावर असतो.

भरावयाचीही रीत आहे. घाईने भरल्यास बाटली तापते, मापक २०० दाखवितो, आणि गार झाल्यावर दाब उतरलेला दिसतो. मग कोणीतरी म्हणतो, “जरा जास्तच भर.” तसे भरू नये. सावकाश भरावे. कॉम्प्रेसरची हवा ओढण्याची नळी इंजिनाच्या धुरापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगास असावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि खोलवर दाबाखाली त्याचा थोडा अंशही मारक ठरतो.

वापरणाराने दोन गोष्टी सांभाळाव्या. उतरण्यापूर्वी धाकटीचा मापक पाहावा आणि तिच्यातून दोन श्वास घेऊन पाहावे. आणि तिचे तोंड मुख्य बाटलीच्या तोंडाहून निराळ्या रंगाचे, निराळ्या जागी बांधलेले असावे. धाकटीलाच थोरली समजून उतरलेले आणि ऐन खोलीत रिते झालेले पाणबुडे आहेत.

आपल्या देशात सिलिंडरांची मान्यता, भरणे आणि तपासणी यांची देखरेख करणारे केंद्रीय कार्यालय परदेशात नाही, दिल्लीतही नाही. ते आपल्या नागपुरात आहे. पूर्वी त्यास स्फोटक विभाग म्हणत, आज पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना म्हणतात. सध्याचे गॅस सिलिंडर नियम २०१६ सालचे आहेत. मान्यताप्राप्त बाटलीच्या खांद्यावर बनविणाराची खूण, भरण्याचा दाब, चाचणीचा दाब आणि चाचणीची तारीख ठोकलेली असते. ती वाचावयास कोणतीही पदवी लागत नाही. नववी पुरते.

भाच्याच्या पिवळ्या बाटलीचा खांदा आम्ही चष्मा लावून, मग भिंग घेऊन पाहिला. एक चिकटपट्टी होती, तिच्यावर माशाचे चित्र होते. तारीख नव्हती, चाचणीचा आकडा नव्हता. आम्ही तिची हवा सोडून दिली, व्हॉल्व्ह उघडा ठेवला आणि ती कपाटावर ठेवली. भाचा पौष महिन्यात तारकर्लीस गेला, शिकविणाऱ्यासोबत उतरला आणि पाण्याखालचे फोटो घेऊन आला. बाटलीचे पैसे मात्र तो अजून आमच्याकडे मागतो.